खातेदार हयात

दिवाळी सरून आठवडा झाला होता. शुक्रवारी तृप्ती बोराडे अर्ध्या दिवसाची रजा टाकून बँकेतून निघाली. शालिमारजवळच्या दुकानात सांगून ठेवलेला नवा संगणक तिने ताब्यात घेतला, खोकी रिक्षाच्या बैठकीवर नीट बसवली आणि स्वतः अंग चोरून कडेला बसून ती नाशिक रोडला घरी आली. जुना संगणक ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी विजेच्या झटक्याने जळाला होता. आता यंत्र जोडायचे, नवऱ्याचे खाते उघडायचे आणि आरोहीचे बेट परत उतरवून घ्यायचे, एवढेच काम उरले होते. अर्ध्या तासाचे, असा तिचा अंदाज होता.

ते बेट म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे.

तृप्तीचा नवरा राज ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत नोकरीला होता. आठवड्यातले चार दिवस तो कळवणला भाड्याच्या खोलीत राहत असे. लेक मोठी होत होती आणि बाप घरात नव्हता. त्यावर राजने एक तोड काढली. इंटरनेटवर खेळांचे एक मोठे दुकान आहे. तिथे खेळ विकत घेतला तर हातात काहीच पडत नाही, ना तबकडी, ना खोके. खेळ तुमच्या नावाच्या खात्यात जमा होतो, आणि मग कोणत्याही गावी, कोणत्याही संगणकावर तो उतरवून घेता येतो. काल जिथे सोडला, तिथूनच आज पुढे चालू होतो. राजने त्या दुकानातून बेटाचा खेळ घेतला. एक ओसाड बेट मिळते, त्यावर झाडे लावायची, घर बांधायचे, शेळ्या पाळायच्या. सकाळी शेतांवर निघण्यापूर्वी राज कळवणच्या खोलीतून लॅपटॉपवर त्या बेटावर जाई आणि काहीतरी करून ठेवी. संध्याकाळी दिवेलागणीला आरोही इथून त्याच खात्याने त्याच बेटावर जाई आणि बापाने आज काय केले ते हुडकून काढी. दोघांना एकदम जाता येत नसे. एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी खेळता येते, दुसऱ्याने सुरू केला की पहिल्याला बाहेर काढतात, असा त्या दुकानाचा नियम होता. म्हणून राज तिच्यासाठी लाकडी पाट्या लिहून ठेवी. ‘आरू, विहीर खणली बघ. पाणी गोड लागलं तर मला सांग.’ ‘आरू, बकरी पळाली. मी नाय सोडली.’ ‘आरू, आईला सांगू नको, आज परत वडापाव खाल्ला.’ अशा सत्तेचाळीस पाट्या होत्या.

सोय मोठी होती, हे कबूल केले पाहिजे. कळवण आणि नाशिक रोड यांच्या मधले अंतर त्या खेळाने रोज संध्याकाळी तासाभरापुरते पुसून टाकले होते.

गेल्या फेब्रुवारीत नांदुरीच्या पुढे, रस्त्यात अंधारात उभ्या असलेल्या कांद्याच्या ट्रॉलीवर राजची गाडी आदळली. त्याच्यामागे घर राहिले, दहा वर्षांची मुलगी राहिली आणि ते बेट राहिले. आरोही तिथे रोज जाई, पण नवे काही बांधत नसे. बापाने लावलेल्या झाडांना पाणी घाली, पाट्या एकदा वाचून काढी आणि तास संपला की आपण होऊन उठे. तृप्तीने त्या तासाला कधी हरकत घेतली नाही.

तर, नवे यंत्र जोडून झाले. तृप्तीने नाव घातले, पासवर्ड घातला. पडद्यावर सूचना आली की हा संगणक ओळखीचा नाही, खातेदाराच्या मोबाइलवर आलेला आकडा लिहा. राजचा मोबाइल नंबर बंद होऊन सहा महिने झाले होते.

“मग विकतच घेऊ ना परत,” आरोही म्हणाली.

तृप्तीने दुकानात शोधले. खेळ विक्रीतून काढून टाकला होता. बनवणाऱ्यांचा आणि दुकानाचा करार संपला होता म्हणे. ज्यांच्या खात्यात तो आधीपासून आहे, त्यांनाच तो मिळेल. म्हणजे जगात ते बेट एकाच ठिकाणी शिल्लक होते, आणि त्या ठिकाणाचे कुलूप एका मृत माणसाच्या नावावर होते.

तिने दुकानाला इंग्रजीत पत्र लिहिले. कोणाचेही नाव न घेता एवढेच विचारले, की खातेदाराचा मृत्यू झाल्यास त्याने विकत घेतलेल्या वस्तू वारसाला कशा मिळतात. उत्तर दोन तासांत आले. त्याचा अर्थ असा: आमच्याकडे वस्तू विकली जात नाही, वापरण्याची परवानगी दिली जाते. ती खातेदाराच्या हयातीपुरती असते, वारसाला देता येत नाही, आणि मृत्यूची माहिती कळल्यास खाते बंद करावे लागते. आपला दिवस आनंदात जावो.

तृप्तीने ते तीनदा वाचले आणि तिच्या कानशिलांत रक्त चढले. ज्या बटणावर बोट ठेवून राजने अकरा वर्षे खेळ घेतले, त्या बटणावर ‘विकत घ्या’ असे ठसठशीत लिहिले होते. तिथे ‘उसने घ्या’ असे लिहिण्याची कोणाला लाज वाटली होती? कासाराकडून घेतलेले पातेले माणूस मेला म्हणून कासार परत मागायला येत नाही. आणि वर दिवस आनंदात जावो. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी दिवसभर ती घरात दारे आपटत वावरली. आरोही मात्र दिवेलागणीला रिकाम्या पडद्यासमोर तासभर बसली आणि उठली. त्या बसण्याने तृप्तीचा राग अधिकच पेटला.

सोमवारी ती बँकेत गेली. नोव्हेंबर म्हणजे तिच्या खिडकीवर हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शन घेणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा यायचे, आपण जिवंत आहोत हे दाखवायचे आणि सही करून जायचे. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले वृद्ध स्वच्छ कपडे घालून, केसांना तेल लावून सकाळपासून रांग धरत. तृप्तीच्या खिडकीचा लौकिक असा होता, की तिथे ओळख, वय, आजार यांतले काही चालत नाही.

त्या दिवशी पुंजाराम नावाचा पन्नाशीचा गृहस्थ आपल्या आईचा, चिमणाबाईंचा, फॉर्म घेऊन आला.

“आई कुठे आहेत?” तृप्तीने विचारले.

“घरी हाय. गुडघे गेलेत तिचे.”

“त्यांना आणावं लागेल. नाहीतर अर्ज द्या, आमचा माणूस घरी येऊन बघून जाईल.”

“अहो मॅडम, सकाळी चहा पिऊन मला चार शिव्या घातल्या तिनं. मेलेलं माणूस शिव्या घालतं का?”

रांगेत हशा पिकला. तृप्ती हसली नाही.

“ते मला कसं कळणार? मी पाहिलेलं नाही. माणूस समोर असल्याशिवाय मी कोणाला हयात म्हणत नाही.”

“लय कडक हाय बाई,” मागून कोणीतरी म्हणाले.

“कडक नाय, दगड,” पुंजाराम फॉर्मची घडी घालत म्हणाला.

असे बोलणे तिने पंधरा वर्षे ऐकले होते आणि त्याचा तिला अभिमान होता. म्हणूनच त्याच संध्याकाळी तिने जे केले, ते तिला स्वतःलाही नीट समजावून सांगता आले नसते. राग माणसाला आंधळे करतो असे म्हणतात. तृप्तीला रागाने अधिकच टापटीप केले.

माळ्यावर राजचे एक खोके होते. त्यात त्याच्या पहिल्या खेळाची तबकडी आणि पुस्तिका होती. पुस्तिकेच्या मागे छापलेला क्रमांक राजने अकरा वर्षांपूर्वी त्या खात्यात घातला होता. मालकी सिद्ध करायची तर असा क्रमांक असलेल्या कागदावर तक्रारीचा आकडा हाताने लिहून त्याचे छायाचित्र पाठवावे, असे दुकानाच्या पानावर म्हटले होते. तिने तो आकडा सुवाच्य अक्षरात लिहिला. मग एक प्रतिज्ञापत्र होते. ‘मी, खाली सही करणारा, या खात्याचा मूळ मालक असून स्वतः हे खाते वापरतो.’ खाली नाव. तृप्तीने नाव लिहिले, राज खंडेराव बोराडे. शेवटी एक चौकट होती, खाते परत का हवे आहे ते कोणत्याही भाषेत लिहा. ती क्षणभर थांबली. मग तिने मराठीतच लिहिले, ‘माझी मुलगी माझी वाट पाहत आहे. मला तिच्याकडे परत जायचे आहे. विलंब करू नये.’

तीन वाक्ये. एकही शब्द कमी नाही की अधिक नाही. तिने पत्र पाठवले, हात धुतले आणि भाताचा कुकर लावला.

मंगळवारी सकाळी खाते उघडले. ‘स्वागत आहे, राज,’ असे पडद्यावर आले. संध्याकाळी बेट उतरले तेव्हा आरोहीने टाळी वाजवली. तृप्ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. बाहेर दिवे लागत होते. रेल्वेच्या फाटकाकडून गाडीची लांबट शिटी ऐकू येत होती. पंधरा मिनिटे झाली असतील. एकाएकी नव्या यंत्राचा पंखा जोरात फिरू लागला. घरघर वाढली, मग थांबली.

“आई… मला बाहेर काढलं.”

तृप्ती लाटणे हातात घेऊनच आली. पडद्यावर एक चौकट होती. ‘हे खाते दुसऱ्या संगणकावर वापरात आहे.’

तिने खात्याचे पान उघडले. तिथे कोणते यंत्र कुठून चालू आहे, याची नोंद दिसते. नोंद होती: राजचा लॅपटॉप. कळवण. आत्ता.

तिला भीती वाटली नाही. तिला संताप आला. कळवणच्या त्या खोलीत राजनंतर दुसरे कोणी राहायला आले असेल, त्याच्या हाती कुठे लिहून ठेवलेला पासवर्ड लागला असेल. माणूस जाऊन वर्ष होत नाही तोच त्याचे घर लुटायला बसले. तिने पासवर्ड बदलला, सगळी यंत्रे खात्यातून काढून टाकली आणि आरोहीला पुन्हा बसवले.

बेट जसेच्या तसे होते. फक्त किनाऱ्यावर, होडी लागते तिथे, एक नवी पाटी होती. ‘चि. आरोही हिस, मी निघालो आहे.’

“हे पप्पा नाहीत,” आरोही म्हणाली. “पप्पा मला आरोही कधी म्हणायचे?”

“चोर आहे कोणीतरी,” तृप्ती म्हणाली. “मी बघते त्याच्याकडे.”

खोलीत रबरी शिक्क्याच्या शाईचा वास येत होता. तिने आपली बोटे हुंगली. दिवसभर शिक्के मारून त्यांना तो वास असणारच. पण बोटांना कणकेचा वास येत होता.

बुधवारी, त्याच वेळी, पंख्याची घरघर वाढली. ‘हे खाते दुसऱ्या संगणकावर वापरात आहे.’ नोंदीत लिहिले होते: राजचा लॅपटॉप. वणी. आत्ता.

दहा मिनिटांनी आरोही परत आत गेली, तेव्हा किनाऱ्यापासून विहिरीपर्यंत दगडी रस्ता तयार होता. दगड एकाला एक लागून, पट्टी ठेवून आखल्यासारखे सरळ. राजला आयुष्यात कधी काही सरळ बांधता आले नव्हते. त्याची विहीरसुद्धा एका अंगाला कलली होती आणि त्यावरून आरोही त्याला चिडवत असे. रस्त्याच्या टोकाला पाटी होती. ‘रस्ता होत आहे. विलंबाबद्दल क्षमस्व.’

तृप्तीने दुकानाला तक्रार लिहिली. माझे खाते कोणीतरी चोरून वापरत आहे, राज बोराडे. उत्तर आले: आम्ही तपासले, खाते आपल्याच यंत्रावरून वापरले जात आहे, काळजीचे कारण नाही. आपला दिवस आनंदात जावो.

गुरुवारी नोंद आली, राजचा लॅपटॉप, दिंडोरी. आणि बेटावर गेल्या गेल्या आरोही रडू लागली. ती कधी आवाज करून रडणारी मुलगी नव्हती. राजच्या सत्तेचाळीस पाट्या नाहीशा झाल्या होत्या. विहिरीजवळची, गोठ्याजवळची, आंब्याखालची, सगळ्या. जिथे जिथे पाटी होती तिथली माती सारवल्यासारखी सपाट झाली होती. घराच्या दाराशी एकच पाटी उभी होती. ‘जुन्या पाट्या काढल्या आहेत. त्यांची आता आवश्यकता नाही.’

तृप्तीने तिथल्या तिथे फोन लावला. तिचा दीर रुद्र दिंडोरीला वाइनच्या कारखान्यात होता, संगणकातले त्याला कळत होते, आणि राजचे सामान पोलिसांकडून त्यानेच सोडवून आणले होते.

“भाऊजी, काय हवंय तुम्हाला आमच्याकडून?”

“म्हणजे? काय झालं वहिनी?”

“पोरीच्या बापाची अक्षरं पुसून टाकलीत. हात कसा झाला?”

रुद्र म्हणाला, “वहिनी, तुम्ही काय बोलताय ते मला कळत नाहीये. पण तुमचा आवाज ऐकवत नाही. उद्या कामावरून सुटलो की येतो. मग समोर बसवून शिव्या द्या.”

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता तो आला. आल्या आल्या त्याने कपाटाच्या वरच्या खणातून राजचा लॅपटॉप काढला आणि टेबलावर ठेवला. पोलिसांनी परत दिला तेव्हापासून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता. पडद्याला मधोमध तडा होता. रुद्रने तो उलटा केला, खिशातून पेचकस काढला आणि मागचे झाकण उघडले.

“ही जागा मोकळी दिसते ना? इथे डिस्क असते. फोटो निघतात का बघायला मी काढली होती. दोन तुकडे झाले होते तिचे. म्हणून नदीत टाकली, अस्थींबरोबर.” तो थांबला. “हा लॅपटॉप कुठून चालणार, वहिनी? आणि दिंडोरीहून कसा चालणार? तो तर तुमच्याच कपाटात आहे.”

तृप्ती खाली मान घालून बसली. “चुकलं माझं,” ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून क्वचित निघत.

“असू द्या. पण मला एक सांगा, हे सुरू कधी झालं?”

ती सांगणार, तेवढ्यात नव्या यंत्राच्या पंख्याची घरघर ऐकू आली. आरोही पडद्यापासून लांब, खुर्ची मागे सरकवून बसली होती. चौकट आली होती. रुद्रने खात्याचे पान उघडले. त्याच्या हाताशेजारी तो फुटका, पोकळ लॅपटॉप पडला होता, आणि पडद्यावर नोंद होती: राजचा लॅपटॉप. नाशिक. आत्ता.

शाईचा वास इतका दाट झाला होता की रुद्रने उठून खिडकी उघडली.

“काका,” आरोही हळूच म्हणाली, “आता तो घरात जातो… काल दारापर्यंत आला होता.”

दहा मिनिटांनी रुद्रने स्वतः खेळ उघडला. दगडी रस्ता आता विहिरीवरून थेट बेटावरच्या घरात शिरला होता. आत आरोहीसाठी राजने एक खोली केली होती, वेड्यावाकड्या भिंतींची, पिवळ्या पडद्यांची. भिंती सरळ झाल्या होत्या. पलंगाशेजारी एक खुर्ची ठेवली होती, आणि खुर्चीवर पाटी. ‘माझी मुलगी माझी वाट पाहत आहे.’

ते वाक्य तृप्तीचे होते. त्याचा थाट, त्यातला एकही शब्द वाया न घालवण्याचा बाणा, ‘क्षमस्व’, ‘आवश्यकता’, ‘विलंब’, सगळे तिचे होते. राज असे लिहीत नसे. असे फक्त ती लिहीत असे. सोमवारी संध्याकाळी हात धुण्यापूर्वी तिने ते लिहिले होते.

तिने रुद्रला सगळे सांगितले. प्रतिज्ञापत्र, सही, ती तीन वाक्ये.

रुद्रने लॅपटॉपचे झाकण परत बसवून पेच आवळले. मग म्हणाला, “वहिनी, तुम्ही तर जिवंत माणसांना खिडकीवरून परत पाठवता. आणि दादाला…”

“बोला ना. थांबू नका.”

“समोर माणूस नसताना तुम्ही हयात म्हणून लिहून दिलंत. मग जागा कोणीतरी घेणारच की.” त्याला बहुधा थोडा विनोद करायचा होता. तो साधला नाही.

“कोणी?”

“ते मला काय माहीत… पण दादा नाही तो. दादा असता तर पाट्या काढल्या नसत्या.”

तृप्ती उठली. आता तिचा राग दुकानावरून उठून स्वतःवर येऊन बसला होता, आणि तिथे तो अधिक स्थिर होता. तिने आरोहीला जवळ घेतले.

“हे बंद करायचं तर खरं कळवावं लागेल. मग बेट जाईल. कायमचं. परत नाही मिळणार.”

“जाऊ दे,” आरोही म्हणाली. “तिथे आता पप्पांचं काहीच नाही.”

तृप्तीने यंत्राची वायर भिंतीतून ओढून काढली. मग फोनवर पत्र लिहिले. खातेदार राज खंडेराव बोराडे यांचा मृत्यू झाला आहे. सोबत महानगरपालिकेचा मृत्यूचा दाखला. सोमवारचे प्रतिज्ञापत्र मी, त्यांची पत्नी तृप्ती, हिने खोटे केले. खाते ताबडतोब बंद करावे. तिने ते दोनदा वाचले, एक स्वल्पविराम बदलला आणि पाठवले. पंधरा वर्षांच्या नोकरीत आपल्या हातून झालेली चूक तिने पहिल्यांदाच कागदावर लिहून दिली होती.

रुद्र खाली पाव आणायला गेला. आरोहीला तिने आतल्या खोलीत अभ्यासाला बसवले आणि दार अर्धे लोटून घेतले. स्वतः टेबलाशी बसली. राजचे ईमेल तिच्याच फोनवर येत असे. सात वाजून वीस मिनिटांनी फोन थरथरला.

‘प्रिय राज, तृप्ती नावाच्या व्यक्तीने आपण मृत असल्याचे कळवले आहे. आपल्या खात्याच्या सुरक्षिततेसाठी कृपया खालीलपैकी एक निवडा.’ खाली तीन बटणे होती. पहिल्यावर लिहिले होते, ‘हे खरे आहे, खाते बंद करा.’ दुसऱ्यावर, ‘हे खोटे आहे, त्या व्यक्तीला काढून टाका.’ आणि तिसऱ्यावर, ‘हे खोटे आहे, त्या व्यक्तीचे काय करायचे ते नंतर ठरवतो.’

तृप्तीचा अंगठा पहिल्या बटणाकडे गेला आणि थबकला. पत्र राजच्या नावाचे होते. ते बटण दाबणे म्हणजे पुन्हा एकदा राज होणे. ती एक चूक तिने एकदा केली होती. ती दुसऱ्यांदा करणार नव्हती. तिने फोन टेबलावर पालथा ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि ती वाट पाहू लागली. खरे पत्र गेले आहे, दाखला गेला आहे, उद्या सकाळी कोणीतरी जिवंत माणूस तो वाचील. तेवढे पुरे होते.

घरात एकही यंत्र चालू नव्हते. शेजारच्या बिऱ्हाडातून भांड्यांचा आवाज येत होता. खाली रुद्रची मोटारसायकल अजून परतली नव्हती. आतल्या खोलीतून आरोहीचा आवाज ऐकू येत होता, पाठांतर केल्यासारखा, खालच्या पट्टीत, मधून मधून थांबणारा.

फोन पुन्हा थरथरला. तिने तो उलटा केला.

‘धन्यवाद, राज. आपण हयात असल्याची नोंद घेतली आहे. आपण तिसरा पर्याय निवडला आहे. आपला दिवस आनंदात जावो.’

ती किती वेळ त्या अक्षरांकडे पाहत होती, कोण जाणे. आतले पाठांतर थांबले आहे, हे तिच्या उशिरा लक्षात आले. तिने दार ढकलले.

आरोही पलंगाच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून बसली होती. पुस्तक मिटलेले होते. गाल ओले होते, पण ती रडत नव्हती. एखादे अवघड काम उरकून बसल्यासारखी दिसत होती.

“काय झालं?”

“काही नाही… मी नको म्हटलं.”

“कोणाला?”

आरोहीने भिंतीकडे पाहिले, मग आईकडे. “तुला काढायचं का म्हणून मला विचारलं. मी नको म्हटलं… खूप वेळा म्हटलं. मग म्हणाले, बरं, नंतर ठरवू.”

तृप्ती तिच्याशेजारी पलंगावर बसली. “असंच… मानलं?”

“नाही,” आरोही म्हणाली. “मी म्हटलं, मी येते. उद्या दुसरा शनिवार आहे ना. शाळेला सुट्टी असते.”